बोरघाट लोहमार्ग : चढ, प्रेरणा व ऊर्जा

पुणे आणि मुंबई या शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गाचा सह्याद्री ओलांडून जाणारा भाग. यास भोर घाट किंवा खंडाळ्याचा घाट असेही म्हणतात. पायथ्याचे पळसदरी समुद्रसपाटीपासून सु. ६० मी., तर माथ्याचे लोणावळे सु. ६१८ मी. उंचीवर असून, मूळ मार्गाने हे ५५८ मी.चे अंतर सु. २५·५ किमी. लांबीत चढले जाई. हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. गती, प्रेरणा (बल), घर्षण, कार्य व ऊर्जा यांविषयीचे जे नियम शाळेत फळ्यावर मांडले जातात, त्यांपैकी बहुतेक सर्व या एका चढणीवर प्रत्यक्ष राबताना दिसतात. एंजिने बदलली, इंधने बदलली, मार्गाची आखणीही काही ठिकाणी बदलली. परंतु कोकण व देश यांच्या उंचीतील फरक बदलला नाही आणि तो चढण्यास लागणारी किमान ऊर्जाही बदलली नाही. ती कोठून आणावयाची आणि तिचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न या लोहमार्गाच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिला आहे.

लोहमार्गापूर्वीचा घाट : बोरघाटातून बैलांच्या तांड्यांची जुनी वाट होती. गाड्या जाऊ शकतील असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत तयार होऊन १८३० मध्ये खुला झाला. घाटातील शिंग्रोबाच्या देवळाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. इंग्रज अभियंत्यांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखविली व त्याबद्दल त्यास प्राण गमवावा लागला, असे सांगतात. या कथेस कागदोपत्री आधार नसला, तरी तिच्यातील एक गोष्ट यामिकीच्या दृष्टीने खरी आहे. गुरे-मेंढरे डोंगर सरळ चढत नाहीत, ती आडवीतिडवी वळणे घेत चढतात. उभ्या चढापेक्षा लांब पण सौम्य चढावर प्रत्येक पावलास लागणारी प्रेरणा कमी असते. घाटरस्त्याचे आणि पुढे लोहमार्गाचे सर्व तंत्र याच अनुभवावर आधारलेले आहे.

मुंबई–ठाणे हा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गाडी आणली आणि जून १८५८ मध्ये माथ्यावरील खंडाळा ते पुणे हा भाग चालू केला. मधला घाट तेवढा उरला होता. त्यामुळे पुढील सु. पाच वर्षे पुण्यास जाणारा उतारू खोपोलीस उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांतून घाट चढे व खंडाळ्यास दुसरी गाडी धरी.

या प्रवासाचा ऊर्जेच्या दृष्टीने हिशेब करणे उद्बोधक आहे. एखादी वस्तू उंच नेण्यास करावे लागणारे कार्य हे तिचे द्रव्यमान, गुरुत्वीय प्रवेग (सु. ९·८ मी. दर सेकंदास दर सेकंदास) आणि उंची यांच्या गुणाकाराइतके असते. ६० किग्रॅ. वजनाच्या उतारूस ५५८ मी. वर नेण्यास सु. ३,२८,००० जूल कार्य लागते. विजेच्या भाषेत हे एका युनिटाच्या (किलोवॉट-तासाच्या) दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. मग पालखीचे भोई घामाघूम का होत, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे, की चार किंवा सहा भोई उतारूबरोबर पालखीचे आणि स्वतःच्या शरीराचेही वजन वर नेत असत. म्हणजे उपयुक्त कार्यापेक्षा कितीतरी पट अधिक कार्य त्यांना करावे लागे. शिवाय माणसाचे शरीर अन्नातील ऊर्जेचा थोडाच भाग यांत्रिक कार्यात बदलू शकते, बाकीची उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. सतत श्रम करणारा माणूस सर्वसाधारणपणे ७५ वॉट शक्तीने काम करतो असे धरल्यास, आठ तासांत तो सु. ०·६ युनिट कार्य करतो. १,००० टनांची गाडी तेवढ्याच उंचीवर नेण्यास सु. १,५२० युनिट ऊर्जा लागते. म्हणजे अशी एक गाडी वर चढविणे हे अडीच हजार मजुरांच्या दिवसभराच्या कामाइतके आहे.

चढाची आखणी : गुळगुळीत पोलादी रुळावर पोलादी चाक फिरत असता घर्षण फार थोडे असते. सपाट मार्गावर संथ गतीने चालणाऱ्या गाडीस तिच्या वजनाच्या दर टनामागे तीनचार किग्रॅ. भाराइतकी ओढ पुरते. रेल्वेचा सर्व फायदा यातच आहे. परंतु मार्ग चढू लागताच गुरुत्वाकर्षणाचा एक घटक रुळाच्या दिशेने मागे ओढू लागतो. उतरणीच्या नियमानुसार ३७ मी. अंतरात १ मी. चढ असेल, तर ही मागची ओढ वजनाच्या सदतिसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे दर टनास २७ किग्रॅ. भाराइतकी होते. घर्षण मिळवून ती ३१ च्या आसपास जाते. ज्या चढावर माणसास थोडीशी धाप लागावी, त्यावर आगगाडीस सपाटीच्या सातआठ पट ओढ लागते. म्हणून रेल्वेच्या अभियंत्यास रस्त्याच्या अभियंत्यापेक्षा कितीतरी सौम्य चढ शोधावा लागतो आणि सौम्य चढ म्हणजे अधिक लांबी.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी अनेक पाहण्या करून जो मार्ग निश्चित केला, त्याचा सरासरी चढ सु. ४६ स १ आणि सर्वांत कडक चढ ३७ स १ होता. एवढी लांबी एका डोंगरसोंडेवर सरळ बसविण्यास जागा नव्हती. म्हणून वाटेत एक उलटफेर स्थानक योजण्यात आले. गाडी तेथे येऊन थांबे, एंजिन दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. धनगरवाटेवरील कोनदार वळणाचेच हे लोखंडी रूप होय. संपूर्ण घाटात २५ बोगदे व ८ मोठे कमानी पूल बांधावे लागले.

बांधकाम : प्रत्यक्ष कामास १८५६ च्या आरंभी सुरुवात झाली. पहिले कंत्राट विल्यम फेव्हिएल यांच्याकडे होते. मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ मध्ये घाटात मजुरांचा मोठा दंगा झाला व त्याच वर्षी हे कंत्राट संपुष्टात आले. त्यानंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे थोड्याच आठवड्यांत मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेऊन व्यवस्थापकांमार्फत ते तडीस नेले. त्या काळच्या इंग्रज समाजातही ही गोष्ट असाधारण होती.

सुरुंगासाठी त्या वेळी बंदुकीची दारूच उपलब्ध होती. डायनामाइटचा शोध पुढे १८६७ मध्ये लागला. सह्याद्रीच्या कठीण काळ्या बेसाल्टमध्ये हाताने भोके पाडावी लागत. कड्यावर पाय ठेवण्यास जागा नसे, तेथे मजुरांना दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोके घेतली जात. १८६१ मध्ये घाटात एकाच वेळी ४०,००० हून अधिक लोक काम करीत होते आणि त्यांत स्त्रिया व मुलेही मोठ्या प्रमाणावर होती. पटकी, ताप, दरडी व सुरुंग यांनी मेलेल्यांची संख्या हजारोंनी होती; नेमक्या आकड्याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही, कारण बहुतेकांच्या नावांची नोंदच ठेवली गेली नाही. दगड फोडणे, उचलणे व भराव घालणे हे सर्व कार्य स्नायूंच्या बळावर झाले. वाफेचे एंजिन घाटात चालावे म्हणून लागणारी पहिली ऊर्जा ज्वारी-नाचणीच्या भाकरीतून आली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्‌घाटन झाले आणि पुढील महिन्यात नियमित वाहतूक सुरू झाली. बर्कली आदल्या वर्षीच निवर्तले होते. बांधकामातील दोष मात्र लौकरच उघड झाले. जुलै १८६७ मध्ये भर पावसात एक मोठा दगडी पूल कोसळला. त्यानंतर घाटातील इतर पुलांच्या बांधकामाविषयीही शंका उत्पन्न झाली.

वाफेची चढण : एंजिन कितीही शक्तिमान असले, तरी त्याची ओढ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. ही मर्यादा बाष्पकात (बॉयलरमध्ये) नसून चाक व रूळ यांच्या स्पर्शबिंदूपाशी असते. चाक रुळास मागे ढकलते आणि न्यूटन यांच्या तिसऱ्या नियमानुसार रूळ चाकास पुढे ढकलतो. पण हे घर्षण असेल तरच घडते. कोरड्या रुळावर एंजिनाच्या चालक चाकांवरील भाराच्या सु. चतुर्थांशाइतकी ओढ मिळते, त्याहून अधिक प्रेरणा लावल्यास चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते. रूळ ओला झाला की ही ओढ निम्म्यावर येते. घाटात पावसाळ्याचे चार महिने रूळ ओलेच असतात. म्हणून एंजिनावर वाळूची पेटी ठेवून चाकांपुढे वाळू सोडण्याची व्यवस्था असते. वाफेची एंजिने बनविणाऱ्यांपुढचा हा मोठा पेच होता. सपाटीवर जे घर्षण कमीत कमी असावे म्हणून रेल्वे निर्माण झाली, तेच घर्षण घाटात अधिकात अधिक हवे असते.

चालक चाकांवर अधिक भार पडावा यासाठी घाटाकरिता पाण्याची टाकी बाष्पकाच्या पाठीवर खोगिरासारखी बसविलेली जड एंजिने मागविण्यात आली. एवढ्याने भागत नसल्याने गाडीच्या मागून ढकलणारे आणखी एंजिन जोडण्याची पद्धत पडली. सर्व एंजिने पुढेच का जोडू नयेत, याचे कारण प्रेरणांच्या विचारात आहे. सर्व ओढ पुढून लावल्यास ती पूर्णपणे पहिल्या डब्याच्या साखळीवर येते व साखळी तुटण्याचा धोका असतो. मागच्या एंजिनाने निम्मा भार उचलला, की साखळीवरील ताण तितका कमी होतो आणि ती तुटलीच, तर मागचे डबे उताराने पळून न जाता एंजिनावर टेकून राहतात.

वाफेच्या एंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम विसावा हिस्सा कार्यात उतरे. २०० टनांची गाडी ५५८ मी. चढविण्यास सु. ३०४ युनिट ऊर्जा पुरते. परंतु त्यासाठी सु. ८०० किग्रॅ. कोळसा जाळावा लागे. शिवाय तो कोळसा व पाणी ही स्वतः वर न्यावी लागत. भोयांच्या पालखीचाच हा दोष मोठ्या प्रमाणावर पुन्हा दिसतो.

उतरण : घाट चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे असते. माथ्यावर पोहोचलेल्या गाडीत चढताना केलेले सर्व कार्य स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठलेले असते. गाडी ब्रेकशिवाय व घर्षणाशिवाय खाली सोडली, तर ही ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलून पायथ्याशी तिचा वेग ताशी सु. ३७५ किमी. होईल. गॅलिलिओ यांनी उतरणीवरून गोळे सोडून दाखविल्याप्रमाणे हा वेग उताराच्या लांबीवर अवलंबून नसतो, केवळ उंचीवर असतो. गाडी हलकी की जड यानेही फरक पडत नाही. त्यामुळे उतार सौम्य केल्याने गाडी थांबविण्यास अधिक अवधी मिळतो, पण नाहीशी करावयाची एकूण ऊर्जा तेवढीच राहते. १,००० टनांच्या गाडीची ही ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन जाते. तेवढ्या उष्णतेने १८,००० लिटरांहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापविता येईल. आरंभीच्या काळात सर्व डब्यांना एकाच वेळी लागणारे ब्रेक नव्हते. ठराविक डब्यांवर ब्रेकवाले बसत व शिटीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळीत. घाटातील एंजिनांना चाकांखेरीज थेट रुळावर दाबला जाणारा ब्रेकही असे. सर्व गाडीभर लागणारे निर्वात ब्रेक नंतर आले.

एवढे करूनही ब्रेक निकामी झाल्यास काय, यासाठी योजलेला उपाय साधा व पूर्णतः यामिकीवर आधारलेला आहे. मुख्य मार्गापासून एक फाटा डोंगरावर चढत नेऊन सोडलेला असतो. अनावर झालेली गाडी या फाट्यावर वळविली, की तिची गतिज ऊर्जा पुन्हा स्थितिज ऊर्जेत बदलू लागते आणि ती आपोआप थांबते. ताशी ३६ किमी. वेगाची गाडी थांबण्यास ५ मी. उंची पुरते, परंतु ताशी ७२ किमी. वेगास २० मी. लागते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, या नियमाची ही किंमत आहे [⟶ ऊर्जा].

पाण्याची उतरण : गाड्या डोंगर चढत असताना त्याच डोंगरावरून पाणी खाली पडत होते. टाटा जलविद्युत् कंपनीने लोणावळे, वळवण व शिरवटे येथील तलावांत पावसाचे पाणी साठवून ते नळांतून सु. ५२५ मी. खाली खोपोलीस आणले आणि १९१५ मध्ये तेथे वीज निर्माण केली. एवढ्या उंचीवरून पडणारे एक घनमीटर (१ टन) पाणी सु. १·४ युनिट ऊर्जा देऊ शकते. कोकण व देश यांच्या उंचीतील जो फरक रेल्वेला चढावा लागतो, जवळजवळ तोच येथे पाणी उतरते. म्हणून तत्त्वतः १,००० टनांची गाडी वर नेण्यास १,००० टनांहून थोडेसेच अधिक पाणी खाली सोडावे लागेल. जनित्रे, तारा व चलित्रे यांतील व्यय धरता ते दीडपट होईल. विहिरीच्या कप्पीवर एक घागर खाली जाताना दुसरी वर यावी, तसा हा प्रकार आहे.

मात्र पाणी साठविण्यास जमीन लागते. पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा नदीवर मुळशी येथे टाटा कंपनीचे धरण होऊ लागले, तेव्हा पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी त्याच्या छायेत आल्या. पां. म. (सेनापती) बापट व वि. म. भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. धरणाविरुद्धचा जगातील पहिल्या संघटित लढ्यांपैकी हा एक मानला जातो. लढा अयशस्वी झाला. बापटांना दीर्घ कारावास भोगावा लागला आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. देशावरून पूर्वेस वाहणारे पाणी तेव्हापासून कोकणात उतरत आहे. पुण्यातील एका हमरस्त्यास सेनापती बापटांचे नाव दिलेले आहे, मुळशीच्या पाण्याखालील गावांची नावे मात्र आता थोड्यांनाच ठाऊक असतील.

विद्युतीकरण : कल्याण–पुणे मार्गावर १९२९ मध्ये विजेची एंजिने धावू लागली. त्यासाठी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरला गेला. रेल्वेने यासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीजकेंद्र उभारले होते. ते पुढे बंद झाले. याच सुमारास नवे बोगदे खणून उलटफेर स्थानक वगळणारा मार्ग तयार करण्यात आला. १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली.

घाटातील मालगाड्यांसाठी आणलेली स्विस बनावटीची एंजिने सु. १२३ टन वजनाची व २,६०० अश्वशक्तीची होती. रेल्वे कामगार त्यांना ‘खेकडा’ म्हणत. एंजिनाचा जवळजवळ सर्व भार सहा चालक आसांवर असल्याने कोरड्या रुळावर सु. ३० टन भाराइतकी ओढ मिळे. म्हणजे ३७ स १ चढावर एंजिनासह १,००० टनांच्या आसपासची गाडी हे त्याचे टोक होते. शक्ती म्हणजे प्रेरणा व वेग यांचा गुणाकार असल्याने, एवढ्या भारासह त्याचा वेग ताशी सु. २३ किमी. भरतो. यावरून घाटात मालगाडी संथ का चालते, हे कळून येईल.

या एंजिनांचे खरे वैशिष्ट्य उतरताना दिसे. विद्युत् चलित्र बाहेरून फिरविले, की ते जनित्र म्हणून काम करते. उतरणाऱ्या गाडीची चाके चलित्रांना फिरवीत, तेव्हा निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत जाई व त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस उपयोगी पडे. ब्रेकच्या ठोकळ्यांत वाया जाणारी उष्णता अशा रीतीने काही अंशी वाचली. ही वीज घेणारी दुसरी गाडी जवळपास असणे मात्र आवश्यक होते. २०१६ पर्यंत मुंबई विभागातील जुना एकदिश प्रवाह जाऊन सर्वत्र २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. उतरताना वीज परत देणे नव्या एंजिनांतही साधलेले आहे.

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत येथे मागून साहाय्यक एंजिने जोडली जातात. त्यासाठी गाडीला जो थांबा मिळतो, त्यावर तेथील बटाटेवड्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उलट दिशेने पुण्याहून खाली येणारी गाडी घाटात ठरावीक ठिकाणी पूर्ण थांबवावीच लागते. तेथील सांधे नेहमी डोंगरावर चढणाऱ्या फाट्याकडे वळविलेले असतात आणि गाडी थांबून तिचे ब्रेक शाबूत असल्याचे सिद्ध झाल्यावरच मुख्य मार्ग तिला मोकळा करून दिला जातो.